औषध नावाचे विष : लासलगावची फवारणी आणि एका रक्ततपासणीचा इतिहास

१/
लासलगाव म्हटले की कांदा आठवतो. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील या गावात १९४७ मध्ये बाजार समिती स्थापन झाली आणि पुढे देशभरातील कांद्याचा भाव येथील लिलावाकडे पाहून बोलला जाऊ लागला. याच तालुक्यात द्राक्षबागा आहेत. कांद्याच्या पातीत फुलकिडे शिरतात. द्राक्षाच्या कोवळ्या फुटीवर उडद्या आणि घडांत पिठ्या ढेकूण बसतो. म्हणून दोन्ही पिकांवर हंगामात पुन्हा पुन्हा फवारणी होते. फवाऱ्यातील ही द्रव्ये कोठून आली, माणसाच्या मेंदूवर ती काय करतात, आणि त्यांचा परिणाम मोजणारी साधी रक्ततपासणी फवारणाऱ्यापर्यंत का पोहोचली नाही, याचा हा इतिहास. (धागा)

२/
आरंभ एका शब्दापासून करावा लागतो. मराठी शेतकरी कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो. पिकावर औषध मारले जाते, औषधाचा पंप पाठीवर घेतला जातो. पिकाच्या बाजूने पाहिले तर हा शब्द खरा आहे. पण ‘त्याने औषध घेतले’ या वाक्याचा खेड्यात होणारा एक अर्थ सर्वांना ठाऊक आहे, आणि वर्तमानपत्रे त्याला ‘विषारी औषध प्राशन’ म्हणतात. या दोन अर्थांच्या मध्ये एक तिसरी अवस्था आहे : विष न पिता, हंगामभर ते त्वचेतून आणि श्वासातून थोडे थोडे शरीरात जाणे. तिला भाषेत स्वतंत्र नाव नाही. या इतिहासातील सर्वांत दुर्लक्षित भाग तोच आहे.

३/
आता थोडे शरीरशास्त्र. विसाव्या शतकाच्या प्रारंभी एक वाद रंगला होता : एक चेतापेशी दुसरीला निरोप देते तो विजेने की रसायनाने? ऑस्ट्रियातील ग्राझ येथे ओटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकांच्या हृदयांवर प्रयोग करून उत्तर दिले. एका हृदयाची चेता उद्दीपित करून त्याची गती मंद केली आणि त्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला, तेही मंदावले. निरोप रसायनाचा होता. त्या रसायनाचे नाव पुढे निश्चित झाले : ॲसिटिलकोलीन. लोवी आणि इंग्लंडचे हेन्री डेल यांना या संशोधनासाठी १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

४/
निरोप देण्याइतकेच तो थांबवणेही महत्त्वाचे असते. कांद्याला पाणी भरताना दारे धरणारा माणूस वाफ्याचे तोंड फोडतो, वाफा भरला की फावड्याने माती लोटून ते बंद करतो. तो नसेल तर पाणी वाहतच राहते आणि वाफा फुटतो. शरीरात हे बंद करण्याचे काम ॲसिटिलकोलिनेस्टरेज नावाचे विकर करते. निरोप पोहोचताच ते ॲसिटिलकोलीनचे विघटन करते आणि स्नायू किंवा पुढची पेशी पुन्हा विश्रांतीस येते. हे काम सेकंदाच्या अगदी लहान अंशात उरकते. श्वास घेणे, डोळ्याची बाहुली लहानमोठी होणे, आठवणे, लक्ष देणे या सर्वांच्या मागे ही उघडझाप आहे.

५/
या विकराला रोखणारे पहिले विष वनस्पतीचे होते. आजच्या नायजेरियातील कालाबार भागात गुन्ह्याचा आरोप असलेल्या व्यक्तीला एका विषारी शेंगेचे बी खायला देत. वाचली तर निर्दोष, मेली तर दोषी. एकोणिसाव्या शतकात हे बी एडिंबरो येथे पोहोचले आणि १८६४ मध्ये त्यातील फायसोस्टिग्मीन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. ते कोलिनेस्टरेजला काही काळ अडवते, हे लोवी आणि त्यांचे सहकारी नवरातिल यांनी १९२६ मध्ये दाखवले. पुढे कार्बामेट गटातील कीटकनाशके याच रासायनिक कुळातून घडली. निफाडच्या द्राक्षांच्या कथेत त्यांपैकी एक पुन्हा भेटणार आहे.

६/
दुसरे कुळ फॉस्फरसयुक्त सेंद्रिय संयुगांचे, म्हणजे ऑर्गेनोफॉस्फेटचे. १९३२ मध्ये बर्लिनमध्ये लांगे आणि फॉन क्रूगर हे दोन रसायनशास्त्रज्ञ अशी काही संयुगे बनवत होते. वाफ नाकात जाताच श्वास कोंडतो आणि दृष्टी अंधुक होते, असे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी ते लिहून ठेवले. त्यानंतर चार वर्षांनी आय. जी. फार्बेन या जर्मन उद्योगसमूहाच्या लेव्हरकुसेन येथील प्रयोगशाळेत गेऱ्हार्ड श्राडर हे नवी कीटकनाशके शोधत होते. डिसेंबर १९३६ मध्ये त्यांनी बनवलेले एक द्रव्य अत्यल्प प्रमाणातही मावा मारत होते.

७/
जानेवारी १९३७ मध्ये त्या द्रव्याचा सूक्ष्म अंश श्राडर आणि त्यांच्या सहायकाच्या शरीरात गेला. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, दिवे अंधुक दिसू लागले, श्वास लागला. सावरायला सुमारे तीन आठवडे गेले. मावा मारणारे द्रव्य माणसालाही त्याच मार्गाने गाठत होते. जर्मन लष्कराने ते ताब्यात घेतले, हेच ‘ताबून’. १९३८ मध्ये याच संशोधनातून ‘सारिन’ निघाले. युद्धकाळात आजच्या पोलंडमधील डिहर्नफुर्थ येथे सुमारे १२,००० टन ताबून तयार करण्यात आले आणि त्या कामावर छळछावणीतील कैद्यांनाही जुंपण्यात आले.

८/
इतिहासाचा एक क्रूर योगायोग येथे नोंदवावा लागतो. लोवी आणि डेल यांना स्टॉकहोममध्ये नोबेल प्रदान झाले तो महिना आणि श्राडर यांनी ताबून बनवले तो महिना एकच : डिसेंबर १९३६. चेतापेशींचा रासायनिक निरोप शोधणारे लोवी ज्यू होते. मार्च १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर त्यांना अटक झाली आणि नोबेलची रक्कम नाझींच्या नियंत्रणाखालील बँकेत वळती केल्यावरच देश सोडता आला. त्यांनी ज्या निरोपाचा शोध लावला, तोच कायमचा बेभान करणारी द्रव्ये त्या वेळी त्याच राजवटीच्या गोदामांकडे निघाली होती.

९/
१९४४ च्या सुमारास श्राडर यांनी ‘ई ६०५’ हे संयुग बनवले. जग त्याला पॅराथिऑन म्हणून ओळखते. युद्धानंतर जर्मन प्रयोगशाळांतील माहिती दोस्त राष्ट्रांच्या हाती पडली आणि काही वर्षांतच पॅराथिऑन शेतांत पोहोचले. १९५० मध्ये अमेरिकेत मॅलाथिऑन बाजारात आले. सस्तन प्राण्यांच्या शरीरातील इतर विकरे ते लवकर निकामी करतात, कीटकांत ती क्षमता कमी असते. म्हणून ते माणसाला तुलनेने सौम्य. येथे एक बाब ध्यानात ठेवावी : कीटक आणि सस्तन प्राणी यांच्यात फरक असतो तो विष पचवण्याच्या वेगात, मात्रेत आणि वजनात. मज्जासंस्थेचे मूळ यंत्र दोघांचे जवळजवळ सारखेच आहे.

१०/
ऑर्गेनोफॉस्फेट शरीरात शिरले की ते विकराला चिकटते. दारे धरणाऱ्याचे हात बांधले जातात. डोळे, नाक, तोंड यांतून पाणी वाहते, घाम सुटतो, बाहुल्या आक्रसतात, श्वासनलिका द्रवाने भरते. स्नायू आधी फडफडतात आणि मग लुळे पडतात. हे द्रव्य रक्तातून मेंदूतही शिरते. तेथे अस्वस्थता, गोंधळ, झटके, बेशुद्धी येते आणि श्वासाला चालना देणारे केंद्र मंदावते. मृत्यू बहुधा श्वास थांबल्याने येतो. विषबाधा झालेल्याला घाम फुटतो आणि मळमळते. भर उन्हात फवारणी केली तरीही तेच होते. सौम्य विषबाधा ‘ऊन लागले’ म्हणून नजरेआड होते ती यामुळे.

११/
उतारा दोन प्रकारचा. पहिला ॲट्रोपीन, धोत्र्याच्या कुळातील वनस्पतींत आढळणारे हे द्रव्य ॲसिटिलकोलीनचा निरोप काही ठिकाणी अडवते. (धोत्रा स्वतः विषारी आहे, उपचार म्हणजे रुग्णालयातील मोजलेली मात्रा.) दुसरा प्रालिडॉक्झिम, म्हणजेच ‘पॅम’, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील विल्सन आणि नाखमानसोन यांच्या १९५५ च्या संशोधनातून तो आला. तो विकराचे बांधलेले हात सोडवतो, पण वेळेत दिला तरच. काही तासांनी गाठ कायमची बसते. शिवाय तो मेंदूत फारच कमी पोहोचतो. १९८७ मध्ये श्रीलंकेतील डॉक्टर सेनानायके आणि करलियेद्दे यांनी दाखवले की प्रारंभिक लक्षणे ओसरल्यावरही एक ते चार दिवसांत मानेचे आणि श्वासाचे स्नायू अचानक दुबळे पडू शकतात.

१२/
भारताला या विषाची पहिली मोठी ओळख १९५८ मध्ये झाली. मुंबईहून जहाजाने केरळकडे गेलेल्या मालात गव्हाचे पीठ होते आणि पॅराथिऑनचे डबेही होते. डबे गळले, पीठ दूषित झाले. एप्रिल-मे महिन्यांत केरळ आणि तत्कालीन मद्रास राज्यात ते खाणारे शंभरहून अधिक लोक मरण पावले. केंद्र सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शाह यांचा चौकशी आयोग नेमला. त्याच प्रक्रियेतून पुढे कीटकनाशक अधिनियम, १९६८ आला. भारतातील कीटकनाशक कायद्याच्या मुळाशी अशी मज्जाविषाची दुर्घटना आहे, आणि तिचे एक टोक मुंबई बंदराला जोडलेले आहे.

१३/
अधिनियम ऑगस्ट १९७१ पासून अमलात आला आणि त्याच वर्षी नियम तयार झाले. डब्यावरील लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण ही त्यांचीच देणगी. लाल सर्वांत जहाल. पण या नियमांतील ३७ वा नियम फार थोड्यांना ठाऊक असतो. कीटकनाशकाचे उत्पादन, हाताळणी किंवा फवारणी करणाऱ्या व्यक्तीची कामावर घेण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी व्हावी, असे तो सांगतो. पुढे आणखी नेमके : ऑर्गेनोफॉस्फेट किंवा कार्बामेटसोबत काम करणाऱ्या व्यक्तीच्या रक्तातील कोलिनेस्टरेजची पातळी दर महिन्याला मोजावी. हे १९७१ मध्ये लिहिले गेले.

१४/
रक्त का? जिवंत माणसाच्या मेंदूतील विकर मोजता येत नाही. पण तेच विकर रक्ताच्या तांबड्या पेशींवर असते आणि त्याचे भावंड रक्तद्रवात असते. रक्तातील पातळी घटली की मज्जासंस्थेत काय चालले असेल त्याचा अंदाज येतो. तांबड्या पेशी नव्याने बनतील तसे हे विकर भरून येते, म्हणजे दिवसाला साधारण एक टक्का. आठवड्याला दोन फवारण्या करणाऱ्याचे विकर प्रत्येक वेळी थोडे घटते आणि पुरते भरून येण्याआधी पुन्हा घटते. लक्षण एकही नसते. मग एखाद्या दिवशी नेहमीचीच फवारणी होते आणि माणूस कोसळतो. घरच्यांना ती एका दिवसाची दुर्घटना वाटते. रक्तात ती कित्येक आठवडे घडत असते.

१५/
या तपासणीची एक अट आहे. निरोगी माणसांतही ही पातळी व्यक्तीगणिक बरीच वेगळी असते. एकाची ‘सामान्य’ पातळी म्हणजे दुसऱ्याची धोक्याची घट असू शकते. म्हणून हंगाम सुरू होण्याआधी, फवारणी नसताना, प्रत्येकाचे मूळ माप घ्यावे लागते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९७४ पासून अशी देखरेख सक्तीची केली. मूळ पातळीच्या ८० टक्क्यांपर्यंत घसरण झाली तर कामाच्या पद्धतीची चौकशी होते. तांबड्या पेशींतील पातळी ७० टक्क्यांवर आली तर कामगाराला फवारणीपासून दूर ठेवले जाते. म्हणजे लक्षण दिसण्याची वाट पाहिली जात नाही.

१६/
उपखंडातही एक धडा मिळाला होता. १९७६ मध्ये पाकिस्तानात हिवताप निर्मूलनासाठी घराघरांत मॅलाथिऑन फवारणाऱ्या सुमारे ७,५०० कामगारांपैकी अंदाजे २,८०० जणांना विषबाधा झाली आणि पाच मृत्युमुखी पडले. कारण शोधताना कळले की साठवणुकीत मॅलाथिऑनपासून आयसोमॅलाथिऑन तयार झाले होते. मॅलाथिऑनला निकामी करणाऱ्या शरीरातील विकरांनाच ते रोखत होते. ‘सौम्य’ द्रव्य त्यामुळे जहाल झाले. ज्या एका फरकावर सस्तन प्राण्यांची सुरक्षितता उभी होती, तोच पुसला गेला.

१७/
विषबाधेतून वाचलेल्याचा मेंदू पूर्ववत होतो का? १९९१ मध्ये निकाराग्वातील ३६ शेतमजुरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना सुमारे दोन वर्षांपूर्वी ऑर्गेनोफॉस्फेटची विषबाधा होऊन रुग्णालयात उपचार झाले होते आणि ते ‘बरे’ होऊन घरी गेले होते. स्मरण, एकाग्रता आणि हातांचा वेग यांच्या चाचण्यांत ते इतर मजुरांपेक्षा मागे पडले. दुसरा पुरावा प्राण्यांचा. रोटेनोन हे वनस्पतिज कीटकनाशक उंदरांच्या रक्तात सातत्याने सोडल्यावर त्यांच्या मेंदूतील डोपामिन बनवणाऱ्या पेशी नष्ट होऊन कंपवातासारखी लक्षणे दिसली, असे २००० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी मांडले. ‘नैसर्गिक’ हा शब्द मेंदूला कवच देत नाही.

१८/
वाढत्या मेंदूचा प्रश्न अधिक गंभीर आहे. ॲसिटिलकोलीन गर्भातील मेंदूच्या घडणीतही भाग घेते. ड्यूक विद्यापीठात थिओडोर स्लॉटकिन यांनी उंदरांच्या पिलांवर क्लोरपायरीफॉसचे प्रयोग केले. बाह्य लक्षणे दिसणार नाहीत इतक्या मात्रेतही मेंदूच्या पेशींची वाढ बदलत होती. १९९८ मध्ये एलिझाबेथ गिलेट यांनी मेक्सिकोच्या याकी खोऱ्यातील चार-पाच वर्षांच्या मुलांचा अभ्यास मांडला. फवारणीच्या शेतांलगत वाढणारी आणि डोंगरउतारावर वाढणारी मुले उंची-वजनाने सारखी होती. पण खोऱ्यातील मुलांना माणसाचे चित्र नीट काढता येत नव्हते, आणि स्मरण व हात-डोळ्यांचा मेळ यांतही ती मागे होती. एकट्या निरीक्षणाने कारण सिद्ध होत नाही. तथापि अशी निरीक्षणे साठत गेली आणि २०२० मध्ये युरोपीय संघाने क्लोरपायरीफॉसची मान्यता संपवली.

१९/
आता निफाडकडे. २००३ मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या द्राक्षांत मर्यादेपेक्षा अधिक मेथोमिल आढळले आणि माल अडवला गेला. मेथोमिल हे कार्बामेट. कालाबारच्या बियांप्रमाणेच कोलिनेस्टरेजला रोखणारे. नाशिकच्या निर्यातदार बागायतदारांना हा मोठा धक्का होता. प्रतिसाद मात्र वेगवान ठरला. अपेडा या निर्यात संस्थेने उर्वरित अंश तपासण्याची योजना आखली, पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील प्रयोगशाळा तिची मध्यवर्ती प्रयोगशाळा बनली, आणि पुढे ‘ग्रेपनेट’ या संगणकीय जाळ्यात निर्यातीच्या बागा नोंदल्या गेल्या. कोणता घड कोणत्या बागेतून आला हे शोधता येऊ लागले.

२०/
लासलगावातच आणखी एक उदाहरण उभे राहिले. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये येथे ‘कृषक’, म्हणजे कृषी उत्पादन संरक्षण केंद्र, सुरू केले. मूळ हेतू कांद्याला कोंब फुटू न देण्याचा. कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण हे काम करतात. २००७ मध्ये अमेरिकेच्या कृषी विभागाने आंब्यासाठी या केंद्राला मान्यता दिली. अशी मान्यता मिळालेले ते अमेरिकेबाहेरील पहिले केंद्र होते. कोयीतील भुंगा आणि फळमाशी यांचे प्रजनन किरणांनी थांबते आणि फळावर रसायनाचा अंश राहत नाही. त्या वर्षी भारतीय आंबा दीर्घ खंडानंतर अमेरिकेत पोहोचला.

२१/
या दोन्ही व्यवस्था चांगल्याच आहेत. त्यांनी शेतकऱ्याला बाजार दिला. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. फवारणाऱ्याचे रक्त दर महिन्याला मोजण्याचा नियम १९७१ चा. द्राक्षाचा घड मोजण्याची योजना २००३ नंतरची. नंतर जन्मलेली व्यवस्था आधी उभी राहिली. घडामागे परदेशी ग्राहक होता, करार होता, अडवला गेलेला कंटेनर होता. फवारणाऱ्यामागे काय होते? नियम ‘कामावर घेण्यापूर्वी’ असे म्हणतो. रोजंदारीवर आलेला मजूर कोणाच्या हजेरीपटावर नसतो, आणि स्वतःच्याच बागेत पंप घेणारा शेतकरी कोणाचाही नोकर नसतो.

२२/
याची किंमत २०१७ मध्ये विदर्भात दिसली. जुलै ते ऑक्टोबर या काळात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे आठशेहून अधिक शेतकरी-शेतमजूर रुग्णालयात दाखल झाले आणि वीसहून अधिक मरण पावले. त्या वर्षी कपाशी उंच आणि दाट वाढली होती. फवारा डोक्याच्या उंचीवर येत होता, हवा दमट होती, दोन-तीन द्रव्ये एकत्र मिसळली जात होती. अनेकांनी अंधुक दिसण्याची तक्रार केली. बर्लिनच्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी १९३२ मध्ये, आणि लेव्हरकुसेनच्या श्राडर यांनी १९३७ मध्ये, हेच लक्षण अनुभवले होते.

२३/
चौकशी झाली तेव्हा एक बाब समोर आली : यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्या वेळी कोलिनेस्टरेजची तपासणी उपलब्ध नव्हती. म्हणजे महिन्याची तपासणी दूरच, विषबाधा झाल्यानंतरचीही होत नव्हती. राज्य शासनाने विशेष तपास पथक नेमले आणि पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर विदर्भाच्या पाच जिल्ह्यांत साठ दिवसांची बंदी घातली. त्या पाचांत प्रोफेनोफॉसचे मिश्रण, मोनोक्रोटोफॉस आणि ॲसिफेट होते, ही ऑर्गेनोफॉस्फेट. चार वर्षांपूर्वी, जुलै २०१३ मध्ये, बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या माध्यान्ह भोजनात मोनोक्रोटोफॉस मिसळल्याने २३ बालके दगावली होती.

२४/
येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कोलिनेस्टरेजची तपासणी म्हणजे सर्वज्ञ आरसा नव्हे. त्याच यादीत डायफेन्थियुरॉन होते आणि फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिड हे मिश्रणही होते. फिप्रोनिल मेंदूतील निरोप शांत करणाऱ्या ‘गाबा’ या यंत्रणेला रोखते. इमिडाक्लोप्रिड ॲसिटिलकोलीनच्या जागी स्वतःच जाऊन बसते. डायफेन्थियुरॉनचा मार्ग आणखी निराळा. यांचा माग त्या रक्ततपासणीत लागत नाही आणि ॲट्रोपीन त्यांचा नेमका उतारा नाही. म्हणून रुग्णासोबत रिकामा डबा किंवा त्यावरील कागद रुग्णालयात नेणे हे अनेकदा डॉक्टरांना मिळणारे सर्वांत मोलाचे निदान असते.

२५/
सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने काही कीटकनाशकांवर बंदीचा आदेश काढला. त्यात मेथोमिल होते. द्राक्षाच्या घडात त्याचा अंश सापडल्यावर युरोपने माल अडवला ते वर्ष २००३. त्या दोन वर्षांमध्ये वीस वर्षांचे अंतर आहे. त्या काळात निर्यातीच्या घडातील मेथोमिलचा अंश मोजणारी यंत्रे, प्रयोगशाळा आणि नोंदवह्या तयार झाल्या. तेच द्रव्य बादलीत कालवणाऱ्या हातांसाठी अशी नोंदवही झाली नाही. मोनोक्रोटोफॉसच्या प्रमुख मिश्रणाचा टप्प्याटप्प्याने निरोप घेण्याचेही त्याच सुमारास ठरले. एक द्रव्य जाते, दुसरे येते. मोजमापाचा प्रश्न तसाच राहतो.

२६/
विज्ञान अपुरे होते म्हणून माणसे मेली, असे या प्रकरणात म्हणता येत नाही. विकर १९२६ मध्ये ओळखीचे झाले, लक्षणे १९३२ मध्ये लिहिली गेली, उतारा १९५५ मध्ये मिळाला, भारतीय नियम १९७१ मध्ये छापला गेला. ज्ञान प्रयोगशाळेतून कायद्यात आले आणि तेथेच थांबले. जेथे मोजणाऱ्याला बाजार होता तेथे मोजमाप पोहोचले. निफाडमध्ये घडाचा माग बागेपर्यंत लावता येतो, हे सिद्ध झालेले आहे. छाटणीपूर्वी किंवा कांद्याच्या लागणीपूर्वी फवारणाऱ्याचे मूळ माप घेणे आणि हंगामात ते पुन्हा पाहणे, हे त्याहून अवघड काम नाही. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. नियम क्रमांक ३७ चोपन्नहून अधिक वर्षे पुस्तकात आहे.